घरी परतलेला विद्यार्थी आणि त्याचा निर्वाहभत्ता

(पापडी येथे भरलेल्या आपल्या संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



दरवर्षी ह्या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि एखाद्या विद्वान पाहुण्याचे भाषण होते. ह्या खेपेस कार्यकारी मंडळाने ते काम माझ्यासारख्या प्राथमिक शिक्षकाकडे सोपविले. मी 1974 सालचा जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि आयुष्य मुलांस बेरीज-वजाबाकी शिकविण्यात गेले. म्हणून आजही मी आपणांपुढे एक हिशेबच मांडणार आहे. हिशेब चुकला आहे आणि तो चुकविणाऱ्यांत मी स्वतः आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

विषय असा. शिक्षणासाठी घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यास राहण्याजेवण्याकरिता निर्वाहभत्ता मिळतो. तो विद्यार्थी वर्षाच्या मध्येच घरी परतला, तर त्या भत्त्याचे काय होते, आणि काय व्हावयास पाहिजे?

हा प्रश्न नवा आहे असे कोणी समजू नये. पूर्वी भत्ता नव्हता, बोर्डिंग होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढविले आणि पाठोपाठ निरनिराळ्या जातिधर्मांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविणारे छात्रालय चालू केले. त्या काळी हिशेब सोपा होता. मूल बोर्डिंगात असले की त्याचे ताट तेथे वाढले जाई आणि ते घरी गेले की घरचे ताट वाढले जाई. ताट मुलाच्या पाठोपाठ फिरत असे. आज सरकार ताट वाढीत नाही, ताटाचे पैसे देते, आणि ते विद्यार्थ्याच्या बँकखात्यात जमा होतात. पैसे मात्र मुलाच्या पाठोपाठ फिरत नाहीत. ते त्याच्या राहण्याच्या ठिकाणाशी बांधलेले असतात.

आपल्यासारख्या इतर मागास वर्गांत मोडणाऱ्या समाजांकरिता महाराष्ट्र शासनाने शैक्षणिक वर्ष 2023-24 पासून ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणली. प्रत्येक जिल्ह्यात 600 विद्यार्थी, असे 36 जिल्ह्यांत 21,600 विद्यार्थी घेण्याचे तिच्या आरंभी ठरले. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आणि ज्या शहरात महाविद्यालय आहे तेथील रहिवासी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथे राहणाऱ्यास वर्षाला 60,000 रुपये ठरले. त्यांपैकी भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि किरकोळ निर्वाहाचे 8,000. तत्पूर्वी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता 2016-17 पासून अशीच स्वाधार योजना चालू झालेली होती आणि रकमेची विभागणी तिच्यावरूनच घेतलेली आहे.

ह्या तीन आकड्यांकडे नीट पाहा. 20,000 रुपये निवासाचे, म्हणजे दहा महिन्यांचे धरले तरी महिन्याला 2,000. मुंबईत तेवढ्यात खोली मिळत नाही. फार तर चौघींच्या खोलीतील एका खाटेच्या भाड्याचा काही भाग निघतो आणि उरलेली भर आईबाप घालतात. तथापि ही मदत लहान नव्हे. 2024-25 पासून शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आपल्या वर्गाच्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणे माफ केले. म्हणजे पूर्वी शुल्काच्या भिंतीवर जी मुलगी अडत असे, ती आता त्या भिंतीपलीकडे गेली आहे. पुढे उभा आहे तो राहण्याचा प्रश्न.

आता मी जी हकीकत सांगणार आहे, तीत कोणाचे नाव घेणार नाही. आपल्यातील एका बागाईतदाराची मुलगी मुंबईस अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. तिला हा आधारभत्ता मिळत असे. चार मुलींनी मिळून घेतलेल्या खोलीत ती राहत असे. शिवाय आपल्या संघाच्या विद्यार्थी निधीतून तिला वर्षाचे साहाय्य मंजूर झाले होते. डिसेंबर महिन्यात तिच्या आईवर मोठी शस्त्रक्रिया झाली. घरी थोरला भाऊ होता, वडील होते, परंतु निरोप गेला तो मुलीस. ती पुस्तकांची पेटी घेऊन पापडीस परतली आणि जाऊन-येऊन महाविद्यालय करू लागली.

एके दिवशी सायंकाळी तिचे वडील मजकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, पोर घरी आली. आता हे सरकारास कळवायचे की नाही?” प्रश्न विचारण्यापूर्वी त्यांनी चार ठिकाणी सल्ला घेतला होता. एकाने सांगितले, खोलीचा करारनामा मेपर्यंत आहे, कागद पुरा आहे, कोण पाहावयास येतो? दुसऱ्याने सांगितले, मुलगी शिकते आहे ना, मग पैसे शिक्षणाचेच आहेत. मी त्यांस म्हणालो, “हे पैसे शिक्षणाचे नव्हेत, बाहेर राहण्याचे आहेत. बाहेर राहणे संपले त्या दिवशी त्यांच्यावरील आपला हक्क संपला. उद्याच कळवा.” मुलीने ते ऐकले आणि वडिलांच्या आधी तीच म्हणाली, “मी अर्ज लिहूनच ठेवला आहे, गुरुजी.” तिने खोली सोडल्याची तारीख घालून अर्ज दिला आणि पुढील हप्ते बंद झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नियम तसाच होता.

तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीबद्दल. आपल्या निधीचा दुसरा हप्ता जानेवारीत द्यावयाचा होता. आपल्या नियमांतील चौथ्या कलमात असे लिहिले आहे की, साहाय्य “बाहेरगावी वसतिगृहात अथवा खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यासच” मिळेल. त्यातील शेवटचा ‘च’ माझा आहे. हे कलम मी लिहिले आणि निधी समितीचा चिटणीस ह्या नात्याने, ह्याच कलमाचा आधार घेऊन, त्या मुलीचा हप्ता थांबविल्याचे पत्रही मीच लिहिले. ते तिने उभ्याउभ्याच वाचले, “बरं, गुरुजी” एवढेच म्हणाली आणि नमस्कार करून निघून गेली.

त्यानंतरचे चार महिने मी पाहत होतो. पापडीहून वसई रोड स्थानकापर्यंत रिक्षा किंवा बस आणि तेथून चर्चगेट सुमारे 52 किलोमीटर. पहाटे आपली फुलवाली मंडळी मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजारास निघतात, त्यांच्या मागोमाग ही मुलगी निघे. विरारहून भरून आलेल्या गाडीत वसईस पाय ठेवावयास जागा मिळणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या भगिनींस मी सांगावयास नको. रात्री आठ-साडेआठास ती परत येई आणि मग आईचे औषधपाणी व स्वयंपाक. विद्यार्थ्यांस रेल्वेच्या पासात सवलत आहे, म्हणून तिकिटाचा भार फार नव्हता. भार होता तो दिवसाच्या चार-साडेचार तासांचा आणि शरीराचा. त्या सत्रात ती दोन विषयांत अनुत्तीर्ण झाली. दहावीस पहिल्या तीनांत आल्याबद्दल ह्याच व्यासपीठावर आपण तिला शाल दिली होती!

आणि त्याच वर्षी आणखी एक विद्यार्थी घरी परतला होता, हे मला मागाहून समजले. त्याने कोणासही काही कळविले नाही. त्यास दोन्हीकडचे सर्व हप्ते मिळाले. मी त्याला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. सांगतो ते एवढ्यासाठी की, खरे बोलणाऱ्या मुलीस आपण रिकाम्या हाताने पाठविले आणि मौन धरणाऱ्यास पूर्ण रक्कम दिली. मुलांस शाळेत सत्याचे धडे देणाऱ्या माणसाने लिहिलेल्या नियमाचे हे फळ निघाले. नियमच असा असेल की, खरे सांगितले तर सर्व जाते, तर तो नियम असत्याची शिकवणी चालवितो, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले आहे.

मंडळी, ह्यावर कोणी म्हणेल, “घरी परतलेल्या मुलास खर्च तो काय? घर तर आपलेच.” येथेच आपला हिशेब चुकतो. घरी परतल्याने खोलीचे भाडे वाचते हे खरे. परंतु अनामत बुडते, खानावळीचा महिना भरलेला असतो, प्रवास वाढतो, महाविद्यालयातील ग्रंथालयाची सायंकाळ हातची जाते आणि ज्या कारणासाठी मूल परतले ते दुखणे अथवा अडचण घरात पैसे खात बसलेली असतेच. घरचे जेवण फुकट असते असे आपण म्हणतो. ते मुलास फुकट असते, घरास नव्हे.

ह्या बाबतीत जाणत्या योजना काय करतात ते पाहावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 सालापासून चालत आली आहे. तीत वसतिगृहात राहणारा आणि घरून ये-जा करणारा असे दोन दर आहेत. 2021 मध्ये सुधारलेल्या दरांनुसार पहिल्या गटातील, म्हणजे पदवी व पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यास वसतिगृहात वर्षाला 13,500 रुपये आणि घरून येणाऱ्यास 7,000 रुपये. म्हणजे दर निम्म्यावर येतो, शून्यावर येत नाही. ह्याच शिष्यवृत्तीच्या 2010 च्या नियमावलीत आणखी दोन समंजस गोष्टी होत्या. ज्यास राहणे-जेवण फुकट मिळते त्यास वसतिगृह दराचा एक तृतीयांश द्यावा ही एक. महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा नसल्यास किमान पाच विद्यार्थ्यांनी मिळून भाड्याने घेतलेली जागा, प्राचार्यांच्या पाहणीनंतर व दाखल्यानंतर, वसतिगृहच मानावी ही दुसरी. त्याचबरोबर, खोटी माहिती देऊन शिष्यवृत्ती घेतल्यास ती रद्द करून रक्कम वसूल करावी आणि त्या विद्यार्थ्यास कायमचे अपात्र ठरवावे असा कडक नियमही तीत होता. दर सौम्य आणि सत्यासंबंधी कठोर, अशी ही रचना आहे. आपली रचना ह्याच्या उलट झाली.

परदेशांतही रीत हीच दिसते. इंग्लंडात विद्यार्थ्यांस निर्वाहासाठी सरकारी कर्ज मिळते. 2024-25 मध्ये त्याची कमाल मर्यादा लंडनमध्ये स्वतंत्र राहणाऱ्यास 13,348 पौंड, लंडनबाहेर राहणाऱ्यास 10,227 आणि आईबापांकडे राहणाऱ्यास 8,610 पौंड होती. जर्मनीत 2024 च्या हिवाळी सत्रापासून स्वतंत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यास निवासापोटी महिन्याला 380 युरो धरले गेले, तर आईबापांबरोबर राहणाऱ्यास केवळ 59. निवासाची रक्कम अशी पुष्कळ उतरली, परंतु पोटापाण्याची मूळ रक्कम दोघांसही सारखीच राहिली. आयर्लंडचा नियम तर आपल्या पापडीकरांनी विचारात घेण्याजोगा आहे. तेथे घर आणि महाविद्यालय ह्यांतील अंतर मोजतात. पूर्वी ही मर्यादा 45 किलोमीटरांची होती, ती 2022 साली 30 किलोमीटरांवर आणली. त्यापलीकडे घर असेल, तर अनुदानाचा वरचा दर लागू होतो. छप्पर कोणाचे एवढेच न पाहता वाट किती लांब आहे, हेही ते पाहतात.

ह्या सर्वांतून एक तत्त्व निघते. भत्त्याचे दोन भाग असतात. एक छपराचा आणि दुसरा विद्यार्थ्याचा. विद्यार्थी घरी परतला की छपराचा भाग थांबावा, हे न्याय्य आहे. विद्यार्थ्याचा भाग मात्र थांबू नये, कारण तो विद्यार्थी राहिलेलाच असतो. सरकारी योजनेचे नियम बदलणे आपल्या हाती नाही. त्यासाठी विनंतीअर्ज करता येईल आणि तो संघाने अवश्य करावा. परंतु चौथे कलम आपल्या हाती आहे. ते मी लिहिले, म्हणून ते बदलण्याची सूचनाही मीच मांडतो.

पहिली सूचना. विद्यार्थी निधीचे दोन दर करावेत, बाहेर राहणाऱ्यास पूर्ण आणि घरून ये-जा करणाऱ्यास निम्मा. महाविद्यालय 30 किलोमीटरांहून दूर असेल, तर निम्म्या दरात प्रवासाची भर घालावी.

दुसरी. विद्यार्थ्याने घरी परतल्याचे कळविल्यापासून एक महिना जुनाच दर चालू ठेवावा. अनामत, खानावळ आणि सामानाची ने-आण ह्यांतच तो महिना जातो.

तिसरी. अडचण दूर झाल्यावर विद्यार्थी पुन्हा बाहेर राहावयास गेला, तर नवा अर्ज, नवे दाखले, नवी मुलाखत असे काहीही नको. एका पत्रावर पूर्ण दर पुन्हा सुरू व्हावा. आज पुष्कळ मुले घरी येतात ती येतातच, कारण परतीच्या वाटेवर आपण कागदांचे कुंपण घातलेले असते.

आता विद्यार्थ्यांस चार शब्द. घरी परतावे लागले तर ज्या दिवशी खोली अथवा वसतिगृह सोडाल ती तारीख लिहून ठेवा. घरमालकाकडून किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांकडून जागा सोडल्याचे पत्र घ्या. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागास आणि योजनेच्या कार्यालयास लेखी कळवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या. त्यानंतरही एखादा हप्ता खात्यात जमा झाला, तर तो खर्च करू नका. तो कसा परत करावा हे लेखी विचारा. प्रत्येक योजनेच्या अटी निराळ्या असतात. मित्राच्या योजनेवरून आपल्या योजनेचा अंदाज बांधू नका. सुट्टीत चार दिवस घरी येणे निराळे आणि राहण्याची जागा सोडणे निराळे, हा भेदही ध्यानात ठेवा.

पालकांस, आणि विशेषतः बापांस, एक विनंती आहे. घरात दुखणे आले की आपण प्रथम मुलीस बोलावितो. मुलगा मुंबईस असेल तर “त्याचा अभ्यास बुडेल” असे म्हणतो, मुलगी असेल तर “तिने आले पाहिजे” असे म्हणतो. दोघांचीही परीक्षा एकाच दिवशी असते. मुलीस घरी बोलाविण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखा. एकात घरी आल्याने काय वाचते ते लिहा, दुसऱ्यात काय जाते ते. भत्ता जातो, ग्रंथालय जाते, दिवसाचे चार तास जातात. कित्येकदा असे दिसेल की, शेजारची एखादी बाई दोन महिने कामास ठेवणे स्वस्त पडते. भाऊ पोळी भाजावयास शिकला तर त्याहूनही स्वस्त! ज्या वेळी बोलाविण्यावाचून गत्यंतर नसेल, त्या वेळी जरूर बोलवा. आईचे आजारपण परीक्षेहून मोठे असते, हे मला कळते. परंतु सवयीने बोलावू नका.

ती मुलगी आज ह्या सभेत मागील रांगांत कोठे तरी बसली आहे. आईची प्रकृती आता ठीक आहे. राहिलेले दोन्ही विषय तिने दुसऱ्या खेपेस सोडविले आणि ह्या वर्षी ती पुन्हा मुंबईस खोली घेऊन राहिली आहे. आपल्या निधीकडे तिने पुन्हा अर्ज केलेला नाही. का केला नाही, हे मी तिला विचारले नाही. विचारण्याचा अधिकार मी त्या पत्राबरोबर गमावला, असे मला वाटते. संघाने चौथे कलम आज बदलले, तर मी उद्या तिच्या घरी जाईन, तिचा थांबविलेला हप्ता निम्म्या दराने तिच्या हाती ठेवीन, आणि मगच तो प्रश्न विचारीन.

चाळीस वर्षे मी मुलांच्या पाट्या तपासल्या. चूक दिसली की खडूने खूण करून पाटी परत देत असे. आज पाटी माझी आहे आणि तपासणारे आपण आहात. ठराव सभेपुढे ठेवतो.